बांडीच्या वासराची पाचवी

चंद्रकलेची चूल आणि चंद्रकलेचं तोंड, दोन्ही एकदा सकाळी पेटली की रात्री निजेपर्यंत विझायची नाहीत. वैशाखरे गावाच्या पुढं माळशेजच्या रस्त्यावरून एक कच्ची वाट आत वळते, तिच्या टोकाला तिचं गाव. गाव कसलं, डोंगराच्या पायथ्याशी टेकलेली मूठभर घरं. पण त्यातल्या कुठल्या घरात आज काय शिजलं, कुणाचं पोर न जेवता झोपलं, कुणाच्या म्हाताऱ्याला भाकरी चावत नाही, हे त्या घरच्यांच्या आधी चंद्रकलेला ठाऊक. वाटेनं कुणी दिसला की ओट्यावरून हाक, "कुठं चाललास रं उपाशी? ये आत, दोन घास खा!" तो "नको काकी" म्हणाला की मेलाच. त्याच्यासकट त्याच्या आज्या-पणज्याचा उद्धार व्हायचा आणि मग ताट पुढं यायचं. नवशा, तिचा नवरा, अगदी गरीब माणूस. तो म्हणायचा, "शिव्या खाल्ल्याबिगर आमच्या घरात भात पचत नाय."

अशा या बाईला दुःख एकच होतं, आणि ते बांधापलीकडच्या घरात राहत होतं. त्याचं नाव गोदू.

दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या. एकमेकींच्या आधारानं सासुरवास काढला, जोडीनं लावणीला गेल्या, जोडीनं लाकडाच्या मोळ्या आणल्या. अख्ख्या गावात चंद्रकलेला "चंद्रे" म्हणणारी एक गोदूच. गोदूचा नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन नाशकाकडं गेली, तेव्हा ही रोज संध्याकाळी तिच्याकडं जाऊन बसायची. आणि एवढं सगळं मोडलं ते कशापायी? तर एका फणसापायी!

फणस होता दोघींच्या मधल्या बांधावर. तो लावला चंद्रकलेच्या सासऱ्यानं आणि पाणी घालून वाढवला गोदूच्या सासऱ्यानं. म्हातारे होते तोवर कुणी विचारलं नाही झाड कुणाचं. एका साली चंद्रकलेचा मुलगा पंकज, जो वाशिंदला कंपनीत आहे, त्याच्या सोयरिकीला पाहुणे आले. चंद्रकलेनं न विचारता झाडावरचा सगळ्यात मोठा फणस उतरवला. गोदू तणतणत आली. शब्दानं शब्द वाढला आणि चंद्रकलेच्या तोंडून गेलं, "तुझ्या घरात खाणारं हाय कोण, म्हणून फणसावर बसलीस?"

झालं. गोदू वळली, घरात गेली आणि दार लावून घेतलं. ते दार सहा वर्षं लागलेलंच होतं. चंद्रकला त्या शब्दासाठी स्वतःला किती वेळा फाडून खायची ते नवशालाच माहीत. पण गोदूची माफी मागायला गेलं की गोदू दुसऱ्या दारानं बाहेर. बाई तशी नाकावर माशी बसू द्यायची नाही.

यंदा वैशाखात मोठं वादळ आलं. दुपार कलली आणि डोंगरावरून काळं आभाळ असं काही खाली आलं की कोंबड्या आपल्या आपण खुराड्यात शिरल्या. मग वारा सुटला. वारा म्हणजे काय, गावाला कुणी धरून गदागदा हलवावं तसा! चंद्रकला आणि नवशा घरात वाशाला लोंबकळून उभी राहिली, का तर छप्पर उडू नये म्हणून. आता दोन माणसांच्या वजनानं छप्पर राहतं का? पण त्या वेळी सुचेल ते माणूस करतं. तेवढ्यात बाहेर कडाडकन आवाज झाला. जमीन हादरली आणि घरातला बल्ब गेला.

फणस पडला होता. तोही साधासुधा नाही, विजेच्या तारा अंगावर ओढून घेत पडला. त्या ओढीनं एक खांब वाकला, त्याच्या पाठोपाठ पुढचा, त्याच्या पाठोपाठ ओढ्यापलीकडचाही. नंतर गावातली माणसं चंद्रकलेला म्हणायची, "काकी, तुमी दोघी भांडलात आन गावाची लाईट घालवलीत!" ती त्यांच्यावर काठी घेऊन धावायची. पण खरं होतं ते.

वारा जरा मऊ झाला तशी बांडी हंबरली. बांडी म्हणजे चंद्रकलेची गाय, दिवस भरत आलेले. चंद्रकला बॅटरी घेऊन गोठ्याकडं पळाली आणि दारातच थबकली. गोठ्यात आधीच कुणीतरी होतं. गोदू! तिच्या घराचे पत्रे वाऱ्यानं उचलून नेले होते, त्यातला एक आंब्याच्या बुंध्याला कागदासारखा गुंडाळून बसलेला नंतर सापडला. शेळ्या भिजू नयेत म्हणून तिनं सगळ्यात जवळचं छप्पर गाठलं होतं, आणि ते निघालं चंद्रकलेच्या गोठ्याचं. शेळ्या कोपऱ्यात बांधल्या आणि बघते तर बांडी अडलेली, वासराचा पाय आत मुडपलेला. गोदूचा हात जनावरांना फार चांगला. तिनं कोपरापर्यंत हात घालून पाय सरळ केला, हिसका न देता ओढलं, आणि चंद्रकला पोचली तेव्हा पेंढ्यावर पिवळट रंगाची एक ओली कालवड धडपडत होती.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. बाहेर पाऊस कोसळत होता. गोदूनं हात पुसले आणि गाईकडं वळून म्हणाली, "बांडे, तुझ्या मालकिणीला सांग, बाळंतिणीला कोमट पाणी पाज म्हणावं, गूळ घालून."

चंद्रकलाही गाईलाच म्हणाली, "बांडे, हिला सांग, आज माझ्या घरात नीज. घरावर छप्पर नाय."

"बांडे, सांग हिला, मी जनावरासाठी आलते. कुणाच्या घरात निजायला नाय." एवढं म्हणून गोदूनं शेळ्या सोडल्या आणि तशीच भिजत निघून गेली. बांडी बिचारी दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून गावाचं सगळंच बदललं. धसईहून आदेश वायरमन आला, वाकलेले खांब बघून डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, "नवे खांब मोठ्या रस्त्यापर्यंत येतील, तिथून तुमालाच ओढून आणायला लागतील. गाडी चिखलात नाय येणार." तोवर लाईट विसरा. मोबाइल एकामागून एक मेले. गिरणी बंद, म्हणून भाकरी बंद. मिक्सर मुके झाले तसे परसात कपडे आपटायला ठेवलेले पाटे घासूनपुसून घरात आले आणि दिवेलागणीला घराघरातून वरवंट्याची घरघर ऐकू यायला लागली. टीव्ही नाही म्हणून माणसं ओट्यावर येऊन बसली. ज्यांची घरं जास्त मोडली ती शाळेत राहायला गेली. गोदू काही गेली नाही. "शाळेत राहायला मी काय पोर हाय?" म्हणाली. घराच्या एका कोपऱ्यावर प्लास्टिकचा कागद बांधला, चुलीवर घमेलं पालथं घातलं आणि बसली. चूल ओली, लाकडं ओली, घरात आभाळ.

चंद्रकलेला घास जाईना. रोज संध्याकाळी डोंगराकडं ढग जमायचे आणि हिचा जीव टांगणीला लागायचा. आणखी एक वादळ आलं तर ती बाई जाईल कुठं? तिनं ताट भरलं. गरम भात, वालाची आमटी, वर सुकट. धोंडीबाईकडं दिलं, "माझं नाव सांगू नको." धोंडीबाई म्हणजे गावातली थोरली म्हातारी, लग्नात-पाचवीत गाणी म्हणणारी, हिचा आवाज मात्र तरण्या पोरीचा. आता या गावात भात कुणाच्या हातचा ते न सांगता कळतं. गोदूनं ताट घेतलं, वास घेतला आणि धोंडीबाईच्या डोळ्यांदेखत सगळं कुत्र्यापुढं ठेवलं. मग ताट धुतलं, त्यात दोन कांदे ठेवले आणि परत दिलं.

धोंडीबाई येऊन म्हणाली, "सोड गो तिचा नाद. कुत्र्याला घातलं तिनं."

पण चंद्रकला त्या दोन कांद्यांकडंच बघत बसली. मग एकदम तिचा चेहरा उजळला. "आजे, हे बघ! कुत्र्याला घातलं, पण भांडं रिकामं नाय पाठवलं!"

"मग? शेजाऱ्याचं भांडं रिकामं पाठवतात का कधी?"

"तेच म्हणतेय मी! गोदू माणसाशी मोडंल, पण रीत नाय मोडायची. हिला रीतीतच धरायला पायजे." आणि ती पदर खोचून उठली. नवशानं हे बघितलं आणि तो सावरून बसला. बायकोनं पदर खोचला की आपल्याला काम लागतं, एवढं त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं.

"बांडीच्या वासराची पाचवी करायची," चंद्रकलेनं जाहीर केलं.

नवशाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "वासराची? पाचवी?"

आता पाचवी ही माणसाच्या बाळाची. बाळ पाच दिवसांचं झालं की पाटा पुजतात, घुगऱ्या वाटतात, रात्री गाणी होतात. आणि तो पाटा पुजायचा मान सुईणीचा. तिच्याशिवाय पाचवी होत नाही. सुईणीचा मान सगळ्यात आधी, मग बाकीचे. त्यात सुईण रुसली, मान नको म्हणाली, तर बाळाला बाधतं असं मानतात. त्यामुळं जगात कुणाशीही भांडण असो, सुईण पाचवीला येतेच आणि दिलेला मान घेतेच. गुराची पाचवी मात्र या पंचक्रोशीत कुणी केली नव्हती.

"लोक हसतील," नवशा म्हणाला.

"हसूं दे की! इतक्या दिवसांत कोण हसलंय गावात?" मग जरा थांबून ती हळू आवाजात म्हणाली, "आन ऐका. मागं ठेवलेले नवे पत्रे हायत ना, पडवीचे. ते सुईणीचा मान म्हणून द्यायचे."

ते पत्रे पंकजनं मुरबाडहून टेंपोत घालून आणले होते. नवशाचं त्या पडवीवर फार दिवसांपासून मन होतं, पावसात तिथं बाज टाकून पडायचं म्हणून. त्यानं बोटानं पत्रे मोजले. मग म्हणाला, "सगळे?"

"अर्ध्या छपराखाली माणूस राहतं का?"

"बरं," नवशा म्हणाला, "पण पडवी पुढल्या साली होणार म्हंजे होणार." चंद्रकलेनं त्याला त्या दिवशी एकही शिवी दिली नाही. त्यानंच तो घाबरला.

आवतण द्यायला ती स्वतः गेली. बांधावर फणसाचं खोड आडवं पडलं होतं, त्याच्या अलीकडं उभी राहिली. पलीकडं गोदू शेळीला पाला घालत होती. चंद्रकला शेळीला म्हणाली, "शेरडे, तुझ्या मालकिणीला सांग, आज सांजच्याला बांडीच्या पोरीची पाचवी हाय. सुईणीनं पाटा पुजायला यायचं."

गोदूचा हात जागच्या जागी थांबला. हसू तिच्या ओठापर्यंत आलेलं चंद्रकलेनं पाहिलं, पण तिनं ते गिळलं. "शेरडे, हिला सांग, वासराची पाचवी कुणी करतं का? येड लागलंय का हिला?"

"येड लागलंय म्हणून सांग. पण सुईण आली नाय आन वासराचं काय बरंवाईट झालं, तर ते कुणाच्या माथी, एवढं विचार तिला," असं म्हणून चंद्रकला मागं न बघता चालू लागली. घरी येताच तिनं सगळ्यात मोठं पातेलं खाली काढलं.

दिवसभर गाव चंद्रकलेच्या अंगणात. पडलेल्या झाडाचे फणस ढिगानं होते. कच्चे चिरायला बायका हाताला तेल लावून बसल्या, पिकलेले पोरांनी फोडले. पाट्यावर मसाला वाटायला बायकांची पाळी लागली, आणि ज्या सुनांनी मिक्सरशिवाय वाटण केलंच नव्हतं त्यांची धोंडीबाईनं अशी फजिती केली की हसून हसून एकीनं वरवंटाच पायावर सोडला. पुरुष मोठ्या रस्त्यावरून राहिलेला शेवटचा खांब ओढत होते; तो उभा राहिला की आदेश सकाळी तारा जोडणार होता. "हैसा रे हैसा" चा आवाज गावापर्यंत यायचा. तेही चिखलानं माखलेले, भुकेलेले, आरडाओरडा करत संध्याकाळी थेट अंगणात आले.

दिवे लागायची वेळ झाली. कंदील लागले, दोघातिघांनी मोटारसायकली गोठ्याकडं तोंड करून उभ्या केल्या आणि त्यांचे लाईट टाकले. झेंडू नव्हता म्हणून वासराच्या गळ्यात आंब्याच्या पानांची माळ. घुगऱ्या झाल्या, भात झाला, फणसाच्या भाजीचा वास सुटला. धोंडीबाईनं गाणं धरलं. सगळं होतं. सुईण नव्हती.

"जेवायला घाल गो," कुणीतरी म्हणालं. "पोरं भुकेली हायत."

"सुईण आल्याबिगर पान नाय मांडायचं," चंद्रकला म्हणाली. आवाज चढाच होता, पण डोळे बांधाकडं लागले होते. नवशानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.

आणि मग खोडावरून पलीकडची बाई पाय उचलून अलीकडं आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, चेहरा वैद्याकडं निघाल्यासारखा. बायकांनी सरकून वाट दिली. गोदू कुणाकडं न बघता सरळ गोठ्यात गेली, आधी वासराची बेंबी तपासली, बांडीच्या कासेला हात लावला, मग पाट्यापुढं बसली. हळद लावली, तांदूळ वाहिले, सगळं रीतीनं. धोंडीबाई रडत होती की गात होती ते कुणाला कळेना.

"नाव काय ठेवायचं?" कुणीतरी विचारलं.

गोदूनं पिवळ्या कालवडीकडं बघितलं. "फणशी," ती म्हणाली, आणि अख्खं अंगण फुटल्यासारखं हसलं.

मग मान द्यायची वेळ आली. माणसाच्या पाचवीला सुईणीला लुगडं देतात. नवशानं आणि दोघा गड्यांनी मिळून मागून पत्रे आणले, खडखड वाजत गोठ्यापुढं टेकवले. चंद्रकलेनं त्यावर हळदीची बोटं ओढली. ती गाईला म्हणाली, "बांडे, सांग सुईणीला. गोठ्याची सुईण हाय, मान गोठ्याचाच. लुगडं नाय, छप्पर देतोय. घ्यायला पायजे."

गोदू पत्र्यांकडं बघत राहिली. तिला सगळं कळलं, अगदी सगळं. चेहऱ्यावर राग आला, गेला, परत आला. "बांडे," ती शेवटी म्हणाली, "ही बाई लई लबाड हाय, तिला सांग. आन हेही सांग, सुईणीनं मान घेतला म्हंजे ती सव्वा महिना रोज येती. बाळंतिणीला बघायला. रोज म्हंजे रोज. जमंल का ईचार."

"जमंल म्हणून सांग!" चंद्रकला ओरडलीच. मग पानं मांडली. पहिलं पान सुईणीचं. फणसाची भाजी गोदूनं दोनदा मागून घेतली, आणि चंद्रकला वाढता वाढता डोळे पुसत होती. कांदा झोंबला म्हणाली. भाजीत कांदा नव्हता.

सकाळी नवशा आणि गावचे गडी गोदूच्या घरावर चढले. हातोड्याचे ठोके पडायला लागले. चंद्रकला लवकर उठून चुलीपुढं बसली होती. येईल ना? रात्री गावासमोर बोलली, पण सकाळी मन फिरलं तर? तिनं दोनदा केर काढला. गोठ्यात पावलं वाजली. बांडीशी काही बोलणं झालं, मग शांतता. आणि मग गोठ्यातून हाक आली, गाईला नाही, शेळीला नाही.

"चंद्रे! चाय टाकलीस का? साखर बरी घाल. सहा वर्सांची राहिलीय."

चंद्रकलेच्या हातातली पकड खाली पडली. तिला तोंड उघडून एक शब्द बोलता येईना, आणि चंद्रकलेचं असं कधी झालं नव्हतं. तिनं साखरेचा डबाच पातेल्यात उलटा केला. कप घेऊन गोठ्यात गेली तेव्हा डोक्यावरचा बल्ब भपकन पेटला. पलीकडं गावात आरोळी उठली, "आली रे लाईट आली!" हातोडे थांबले, पोरं ओरडत धावली, कुठंतरी मिक्सर घुरघुरला. दोघींनी वरसुद्धा बघितलं नाही.

चहाचा नुसता पाक झाला होता. गोदूनं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि तोंड वाकडं केलं. कप खळखळून धुतला. मग कनवटीला हात घालून काहीतरी काढलं, कपात टाकलं आणि कप चंद्रकलेच्या हातात दिला. आत फणसाच्या दोन आठळ्या होत्या.

"बांधावर लाव, अगदी मधी," गोदू म्हणाली. "पुढं भांडायला काय तरी पायजे ना आपल्याला."